आईनं फिरणं सोडलं म्हणून ती विसरायला लागली, की उलट?

सायलीचा वेल | शनिवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. इथे आठ-नऊ वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आई ७४ वर्षांची, साताऱ्याला भावाकडे असते. मागच्या दिवाळीत चिरोट्यांना साटा लावता लावता तिचा हात थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता पुढे काय करतात गं?" चाळीस वर्षं अख्ख्या गल्लीला चिरोटे खिलवणारी बाई. आम्ही हसण्यावारी नेलं. संक्रांतीला मात्र तिनं एकाच बाईला दोनदा वाण दिलं, आणि दुसऱ्यांदा देताना पहिल्याचा पत्ताच नव्हता. मार्चमध्ये सगळ्या तपासण्या झाल्या. अल्झायमर, सुरुवातीची पायरी.

घरात आता वेगळंच सुरू आहे. आई पूर्वी रोज संध्याकाळी मैत्रिणींबरोबर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायची, तासभर सहज. सहाएक वर्षांपूर्वी हळूहळू सोडलं. कधी म्हणे गुडघा, कधी म्हणे वाटेत कुत्री असतात. भाऊ तेव्हाही ओरडायचा, आणि आता प्रत्येक फोनवर त्याचं एकच पालुपद, "चालली असती तर ही वेळ आली नसती." आणि मी काय केलं होतं? मीच तिला म्हटलं होतं, जन्मभर राबलीस, आता बस निवांत.

चालण्याचा आणि मेंदूचा संबंध नेमका किती आहे? आता पुन्हा चालायला लावलं तर उपयोग होईल का? आणि मी स्वतः ४९ची, दिवसाचे नऊ तास खुर्चीत. माझ्यासाठी उशीर झालाय का? व्हॉट्सॲपवरचं ज्ञान नको, ते भावाकडून पोचतंच.


टेकडीवाला | रविवार, सकाळी ६.०५

ताई, वाईट वाटलं वाचून. पण स्पष्ट बोलतो, तुमच्या भावाचं चुकत नाही. मी ६८ वर्षांचा. गेली एकवीस वर्षं रोज टेकडी, पावसाळ्यात पर्वतीच्या पायऱ्या. शंभरावर आहेत, दोनदा चढतो. आमच्या ग्रुपात एकालाही विसरण्याचा आजार नाही. माझे वडील ९१व्या वर्षी गेले, शेवटपर्यंत शेअरचे भाव तोंडपाठ. रोज दहा हजार पावलं, बाकी औषध नाही. तुम्ही उद्यापासून सुरू करा.


एरंडेल | रविवार, सकाळी ९.४०

काका, तुमच्या ग्रुपात विसरण्याचा आजार कुणाला नाही, कारण ज्यांना झाला ते टेकडीवर यायचे बंद झाले. यादी करून बघा, एकवीस वर्षांत किती जण गळले आणि का.

आणि ते दहा हजार. १९६४ला टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानात फिटनेसची हवा होती, तेवढ्यात १९६५मध्ये तिथल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मोजक. आकडा आला तो इथून. मागे कुठलं संशोधन नव्हतं, गोल आणि कानाला बरा वाटणारा आकडा होता इतकंच.

सायलीताई, शेजारच्या काकूंचा दाखला, आमच्या आजोबांचा दाखला असले प्रतिसाद शंभर येतील. विदा (डेटा) असलेल्यांची वाट बघा.


टेकडीवाला | रविवार, सकाळी १०.१५

एरंडेल, तुम्ही सकाळी उठता कधी ते आधी सांगा.


न्यूरॉनवाली | रविवार, दुपारी ३.३०

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. तेव्हा हा वैद्यकीय सल्ला समजू नये. प्रतिसाद लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी बाजूनं काय आहे ते. कानाच्या थोडं आत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. आकार समुद्रघोड्यासारखा, नावही त्यावरूनच. नवी आठवण पक्की करायचं आणि रस्ता लक्षात ठेवायचं काम मुख्यतः त्याचं. अल्झायमरमध्ये तो फार लवकर झिजायला लागतो, आणि आजार नसला तरी उतारवयात दर वर्षी एक-दोन टक्के आक्रसतो. २०११ साली अमेरिकेत कर्क एरिकसन आणि सहकाऱ्यांनी ५५ ते ८० वयाचे, फारशी हालचाल नसलेले १२० लोक घेतले. निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालायला लावलं, वाढवत वाढवत ४० मिनिटांपर्यंत. उरलेल्यांना नुसते स्नायू ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम. वर्षाअखेरी एमआरआय काढले तर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला होता, दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्के घटला होता. आक्रसणारी गोष्ट नुसतं चालून वाढते, याचं तेव्हा खूप अप्रूप वाटलं होतं.

कशी वाढते? १९९९मध्ये अमेरिकेतल्या साल्क संस्थेत फ्रेड गेज यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की पिंजऱ्यात चाक ठेवलं आणि उंदीर पळाले की त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जास्त तयार होतात. (माणसांच्या मोठ्या वयात नव्या पेशी किती बनतात यावर शास्त्रज्ञांचं अजून जुंपलेलं आहे. २०१८ला एकाच वसंतात दोन शोधनिबंध आले, एक म्हणे जवळजवळ बनतच नाहीत, दुसरा म्हणे म्हातारपणीही बनतात.) चालताना बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं. मज्जापेशींच्या जोडण्यांना ते शेताला खत लागावं तसं लागतं. बारीक रक्तवाहिन्या वाढतात, साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहतो, झोप सुधारते. आमच्या मेंदूवाल्यांचा माज उतरवणारी एक गोष्ट सांगते. २०२०मध्ये कॅलिफोर्नियात व्यायाम केलेल्या उंदरांच्या रक्तातला द्रव आळशी म्हाताऱ्या उंदरांना टोचला, तर त्यांची स्मरणशक्ती सुधारली. त्यामागचा एक महत्त्वाचा रेणू निघाला यकृतात बनणारा. पाय हलतात, यकृत काहीतरी सोडतं आणि फायदा डोक्याला.

आता सायली, तुझ्या शीर्षकाकडे. (अरेतुरे चालेल ना?) 'उलट?' हे तू जे विचारलंस ना, त्यावर संशोधक पंधरा-वीस वर्षं डोकेफोड करताहेत. लंडनमध्ये १९८५पासून दहा हजारांवर सरकारी नोकरांचा पाठपुरावा चालू आहे, व्हाइटहॉल नावानं ओळखतात. सुरुवातीला ते ३५ ते ५५ वयाचे होते. २०१७मध्ये सेव्हरीन साबिया आणि सहकाऱ्यांनी सरासरी २७ वर्षांची आकडेवारी मांडली. मध्यम वयात कोण किती व्यायाम करत होतं यावरून पुढे डिमेन्शिया (विसरण्याचे आजार, अल्झायमर त्यातलाच एक) कुणाला होणार हे त्यांना सांगता आलं नाही. मात्र ज्यांना डिमेन्शिया झाला त्यांची हालचाल निदानाच्या आधी नऊ वर्षांपासूनच कमी होत गेलेली दिसली.

नऊ वर्षं. अल्झायमरची मेंदूतली सुरुवात लक्षणांच्या दहा-पंधरा वर्षं आधी होते. पुढाकार घेणं, घराबाहेर पडण्याची उभारी, नवीजुनी वाट यातल्या अडचणी निदानाच्या कितीतरी आधी येतात, आणि माणूस त्याला 'गुडघा' म्हणतो. त्यामुळे सहा वर्षांपूर्वी आईनं फिरणं सोडलं ते आजाराचं कारण नसून आजाराची पहिली खूण असण्याची शक्यता चांगलीच आहे. तुझ्या आईच्या बाबतीत नेमकं काय झालं ते कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही, मी नाही आणि तुझा भाऊही नाही.


सायलीचा वेल | रविवार, रात्री १०.५०

न्यूरॉनवाली, प्रतिसाद चार वेळा वाचला. (अरेतुरे चालेलच.)

मघाशी आईच्या जुन्या मैत्रिणीला फोन केला. कुत्र्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या, कुत्री कसली, त्या रस्त्याला कधीच नव्हती. पण एकदा परत येताना तुझी आई माझा हात धरून म्हणाली, "आपण बरोबर चाललोय ना?" मला वाटलं, थट्टा करते. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत तिचं येणं बंद झालं.

आज एवढंच लिहिते.


एरंडेल | सोमवार, सकाळी ८.३०

सायलीताई, __/\__

विषय थोडा हलका करायला याच कोड्याची एक जुनी गोष्ट. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसच्या लोकांचा अभ्यास केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. व्यायामाच्या संशोधनाचा पायाच म्हणतात या अभ्यासाला. आपल्या मुंबईच्या दुमजली बसचे कंडक्टर आठवा, घंटी वाजवत वरखाली. पण मॉरिस पक्का माणूस. त्यानं नंतर गणवेशाच्या नोंदी काढल्या. त्यात लिहिलेली विजारींच्या कमरेची मापं! ड्रायव्हरांच्या विजारी तरुण वयापासूनच ढगळ निघाल्या. म्हणजे बसून बसून पोट सुटलं हे अर्धसत्य, आधीच पोट असलेले ड्रायव्हर झाले हेही खरं.

तेव्हा टेकडीवाले काका, टेकडीमुळे डोकं तल्लख, की तल्लख डोक्याची माणसं टेकडीवर जातात?


टेकडीवाला | सोमवार, सकाळी ८.४५

दोन्ही. आणि माझी विजार ढगळ नाही.


थंडीतला मराठी | सोमवार, दुपारी १.१०

न्यूरॉनवालींचा मुद्दा मान्य, पण दुसरी बाजू आमच्या गावची आहे म्हणून लिहितोच. मी योटेबोर्गला असतो, स्वीडनमध्ये. इथे १९६८ साली १९१ बायकांची सायकलवर बसवून दमेपर्यंत चाचणी घेतली होती, तेव्हा त्यांचं सरासरी वय ५०. मग ४४ वर्षं मागोवा घेतला आणि २०१८मध्ये निकाल आला. तंदुरुस्तीत सगळ्यात वरच्या गटात ५ टक्के बायकांना डिमेन्शिया झाला, मधल्यात २५ टक्के, खालच्यात ३२ टक्के. व्हाइटहॉलनं लोकांना विचारलं, तुम्ही किती व्यायाम करता? यांनी विचारलं नाही, दम मोजला. विचारल्यावर आपण सगळेच वाढवून सांगतो. इथल्या जिममध्ये मी आठवड्यातून तीनदा जातो असं बायकोला वाटतं.


एरंडेल | सोमवार, दुपारी १.३५

वरच्या गटात बायका किती होत्या? चाळीस. त्यातल्या पाच टक्के म्हणजे दोन. दोघींना झाला. आणखी दोघींना झाला असता तर टक्केवारी दुप्पट. अभ्यास छानच, पण त्यावर इमले नकोत.


न्यूरॉनवाली | सोमवार, रात्री ९.००

दोघंही बरोबर. निरीक्षणाच्या अभ्यासात दोन्ही बाजूंचे निकाल येतात. एकूण कल चालणाऱ्यांच्या बाजूनं आहे, पण त्यातला नक्की किती खरा परिणाम आणि किती उलटी गंगा (म्हणजे आजारामुळेच चालणं सुटलेलं) हे वेगळं काढणं जिकिरीचं आहे. एरिकसनच्या अभ्यासातही एक मेख आहे. स्मरणशक्तीची चाचणी दोन्ही गटांत सुधारली होती. चाळणारे ताणवाल्यांपेक्षा त्या चाचणीत फार पुढे गेले असं झालं नाही.

*चालणारे. चाळणारे नव्हे. ऑटोकरेक्टच्या...


निमशहरी | सोमवार, रात्री ११.१५

मला एक गोष्ट कळत नाही, म्हणून काडी टाकतो. आमची आजी मराठवाड्यातली. पहाटे चारला उठून जातं, मग दोन मैलांवरून पाणी, दिवसभर कापूस वेचणी. तिच्याएवढं अंग या धाग्यावरच्या कुणीच हलवलेलं नसेल. सत्तरीनंतर माझ्या वडिलांनाच ओळखेना. व्यायामानं मेंदू राहत असता तर खेड्यातल्या सगळ्या बायांचा राहिला असता. की व्यायाम फक्त ट्रॅकसूट घालूनच होतो?


पीटीचा तास | मंगळवार, सकाळी ७.२०

निमशहरी +१. शेवटचं वाक्य आवडलं.


न्यूरॉनवाली | मंगळवार, रात्री ८.४०

निमशहरी, ही काडी फार मोलाची आहे. आजच्या प्रतिसादाचा सगळा वेळ तुमच्यावर.

आपल्या देशभर ६० वर्षांवरच्या लोकांची पाहणी झाली, लासी-डॅड नावाची. २०२३मधल्या निष्कर्षानुसार ६०च्या वरच्या सुमारे ७.४ टक्के भारतीयांना डिमेन्शिया आहे, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. तुमच्या आजी एकट्या नाहीत.

नॉर्वेत सात हजारांवर लोकांचा असाच अभ्यास २०२३मध्ये आला. मध्यम वयात ज्यांच्या नोकरीत अंगमेहनत जास्त, त्यांच्यात पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्त निघालं. कामाची मेहनत आणि हौसेचा व्यायाम यांचा शरीराला येणारा हिशेब वेगळा दिसतो. का, यावर मला पटणारं स्पष्टीकरण असं. सकाळचा व्यायाम म्हणजे तासभर नाडी वाढवायची आणि मग विसावा, अंघोळ, पोटभर जेवण. वेचणी म्हणजे दहा तास वाकून, उन्हात, कमी पाण्यावर, नाडी फारशी वाढत नाही पण विसावाही नाही. वर हिमोग्लोबिन कमी, बाळंतपणं, चुलीचा धूर, रक्तदाब कधी कुणी मोजलेला नाही आणि शाळा दुसरीपर्यंत.

शाळेचं महत्त्व मेंदूला किती? डिमेन्शियावर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४मध्ये टाळता येण्यासारख्या १४ कारणांची यादी दिली. ती सगळी दूर करता आली तर सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल असा हिशेब. त्यात अपुरं शिक्षण ५ टक्के, ऐकू कमी येणं ७ टक्के, वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल ७ टक्के. आणि हालचाल नसणं? २ टक्के. टेकडीवाले काका, रागवू नका. रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, नैराश्य, एकटेपणा हेही त्याच यादीत आहेत आणि चालणं त्या सगळ्यांना मागच्या दारानं हात लावतं. पण सुटं मोजलं तर एवढंच. सायलीच्या भावाला हा आकडा जरूर सांगावा.

आईला ऐकू नीट येतं का गं?


सायलीचा वेल | मंगळवार, रात्री ९.१५

टीव्ही खूप मोठा लावते. वहिनीची तक्रार असते. आम्हाला वाटलं, वयच झालं. तपासतो.


संपादक | बुधवार, सकाळी १०.००

'सात दिवसांत स्मरणशक्ती दुप्पट' तेलाची जाहिरात करणारे तीन प्रतिसाद उडवले आहेत. सदस्याला समज दिली आहे.


पीटीचा तास | बुधवार, सायंकाळी ६.३०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत २६ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवतोय. आमच्या तासाला लोक 'पीटीचा तास' म्हणतात आणि सहामाहीनंतर तो गणिताला जातो. मी हरकत घेतली की उत्तर ठरलेलं, "सर, खेळून काय कलेक्टर होणारेत?"

त्यांच्यासाठी दोन गोष्टी छापून स्टाफरूममध्ये लावल्या आहेत. एक, अमेरिकेत २०१४मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग, चार्ल्स हिलमन यांचा. सात ते नऊ वर्षांची २२१ मुलं. निम्म्यांना नऊ महिने शाळेनंतर रोज दोन तास पळापळीचे खेळ, उरलेली प्रतीक्षायादीवर. खेळलेल्या मुलांचं लक्ष विचलित न होऊ देणं आणि एका कामावरून दुसऱ्यावर झटकन वळणं जास्त सुधारलं. चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते, त्यामुळे 'हुशार मुलंच खेळतात' हा एरंडेलछाप आक्षेप चालणार नाही. दुसरी गोष्ट थंडीतल्या मराठींच्या देशातली. १९५० ते ७६ मध्ये जन्मलेल्या बारा लाख पोरांची १८व्या वर्षी सैन्यभरतीत दम आणि बुद्धी दोन्हीची चाचणी झाली होती. दम जास्त तिथे बुद्धीचे गुणही जास्त. नुसत्या स्नायूंच्या ताकदीशी मात्र संबंध फार क्षीण. डोले फुगवणाऱ्या पोरांना हे मी मुद्दाम ऐकवतो.

जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं सांगते. आमच्या वेळापत्रकात ती आठवड्यालासुद्धा धड निघत नाहीत. सायलीताई, आजीचं झालं, घरात नातवंडं असतील तर त्यांची शाळा विचारा एकदा.


मंगळागौर मंडळ, ठाणे पश्चिम | बुधवार, रात्री १०.२०

आम्ही साठीच्या वरच्या अठरा जणी. झिम्मा, बसफुगडी, आगोटापागोटा, लाट्या बाई लाट्या, सगळं. गाणं पाठ, पाऊल पाठ, आणि शेजारणीच्या पायावर पाय न देणं हे तिसरं. लोक म्हणतात या वयात काय नाचताय. न्यूरॉनताई, आमच्या नाचाला काही भाव आहे का तुमच्या शास्त्रात?


न्यूरॉनवाली | गुरुवार, सकाळी ७.५०

आहे की! न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांचा मागोवा डॉ. जो व्हर्गीस यांनी घेतला, २००३चा शोधनिबंध. वाचन, बैठे खेळ, वाद्य वाजवणं यांच्याबरोबर डिमेन्शियाचं प्रमाण कमी दिसलं. अंगमेहनतीच्या प्रकारांपैकी मात्र एकाच्याच बाबतीत, तो म्हणजे नाच. उलट्या गंगेची शंका इथेही आहे, पण कारण पटण्यासारखं आहे. नाचात नाडी वाढते, तोल लागतो, क्रम आठवावा लागतो आणि चार माणसं भेटतात. ट्रेडमिलवर यातलं पहिलंच मिळतं. लेझीमचंही तेच. चौथ्या ठोक्याला चुकलं की अख्खी रांग चुकते, डोकं जागं ठेवावंच लागतं.

ज्यांना नाच जमत नाही त्यांनी वजनं उचलावीत, हेही सांगून ठेवते. कॅनडात ६५ ते ७५ वयाच्या १५५ बायकांनी वर्षभर आठवड्यातून एकदा किंवा दोनदा वजनांचे व्यायाम केले, तर लक्ष एकाग्र ठेवण्याच्या चाचणीत त्या तोलाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सरस ठरल्या. आठवड्यातून एकदासुद्धा. पाण्याच्या बाटल्यांनी सुरुवात करा.


रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे ३.४०

सायली, मी फारसं लिहीत नाही. माझ्या यजमानांना सहा वर्षांपासून हाच आजार आहे. आत्ता ते जागे आहेत, म्हणून मीही.

तू दुसरा प्रश्न विचारलास, आता चालवून उपयोग होईल का. त्याला इथे कुणी हात लावला नाही. मी सांगते. इंग्लंडमध्ये सौम्य ते मध्यम डिमेन्शियाच्या ४९४ लोकांवर मोठा प्रयोग झाला, २०१८ला निकाल आला. चार महिने व्यायामशाळेत देखरेखीखाली चांगला दणकून व्यायाम. शरीर सुधारलं, पण वर्षानंतर बघितलं तर विसरणं काही मंदावलं नाही. उलट चाचणीचे गुण किंचित खालीच होते. हे मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी रडले होते, कारण मी यजमानांना रोज दामटून चालवत होते, त्यांच्या इच्छेविरुद्ध, जणू माझ्या हातात स्टेअरिंग आहे.

मग दामटणं सोडलं, चालणं नाही सोडलं. फरक असा पडतो: दुपारी चारनंतर त्यांची घालमेल सुरू होते, त्याच्या आधी अर्धा तास बाहेर काढलं तर संध्याकाळ बरी जाते. पायात जीव राहिला की पडण्याची भीती कमी, बाथरूमला स्वतः जातात. ज्या दिवशी चालतात त्या रात्री कधीकधी झोपतात. (आज पाऊस होता.)

तुला उपयोगी पडेल असं थोडं: रोज तीच वाट, तीच वेळ. पुढे चालू नकोस, शेजारी चाल. प्रश्न विचारू नकोस, "हे कुणाचं घर, आठवतं का?" असली परीक्षा तर नकोच. खिशात नाव-नंबरची चिठ्ठी, मंगळसूत्राच्या डबीत नाही, खिशातच. आणि चप्पल नको, मागे पट्टा असलेलं काहीतरी.


टेकडीवाला | शुक्रवार, सकाळी ६.१०

रात्रपाळी ताई, तुमचा प्रतिसाद टेकडीवर बसून वाचला. नमस्कार करतो.

सायलीताई, पहिल्या प्रतिसादात मी भावाची बाजू घेतली, ते मागे घेतो. परवा एरंडेल म्हणाले तशी यादी केली. आमच्या ग्रुपात सुरुवातीला चौदा जण होते. पाच वारले, दोन मुलांकडे परदेशी. दोन जणांचं 'कंटाळा आला' म्हणून बंद झालं होतं. त्यातल्या एकाच्या घरी काल गेलो. त्याच्या सुनेनं दार उघडलं. त्यानं मला ओळखलं नाही.


एरंडेल | शुक्रवार, सकाळी ९.००

काका, मला ते म्हणायचं नव्हतं. म्हणजे म्हणायचं होतं, पण असं नव्हतं.


न्यूरॉनवाली | शुक्रवार, रात्री ९.३०

सायलीचा तिसरा प्रश्न राहिला, स्वतःचा. ४९व्या वर्षी उशीर अजिबात झालेला नाही. रक्तदाब, साखर, वजन यांचा मेंदूशी हिशेब मुख्यतः ४५ ते ६५ या वीस वर्षांतच होतो. ब्रिटनमधल्या ७८ हजार लोकांच्या मनगटावर मोजयंत्र बांधून केलेल्या अभ्यासात रोज सुमारे ३,८०० पावलांनाच डिमेन्शियाचा धोका पाव हिश्शानं कमी दिसला, आणि ९,८००च्या आसपास निम्म्यानं. त्यापुढे फायदा वाढताना दिसला नाही. (काका, तुमचा जपानी आकडा योगायोगानं जवळपास बरोबर निघाला.) एरंडेल म्हणतील, पाठपुरावा सात वर्षांचाच, उलटी गंगा शक्य आहे. म्हणोत. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं घामाचं चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, हे हृदयासाठी तरी निर्विवाद आहे. एक मात्र बघ, सकाळच्या गर्दीत हमरस्त्याच्या कडेनं चालू नकोस. हवेचं प्रदूषणही त्या चौदा कारणांत आहे.


सायलीचा वेल | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८.००

बऱ्याच जणांनी विपू (विचारपूस, म्हणजे खासगी निरोप) करून विचारलं, म्हणून लिहिते.

आईच्या कानाची तपासणी झाली. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं, यंत्र लावलं. पहिले चार दिवस काढून पदरात बांधून ठेवायची. आता लावते. त्यामुळे विसरणं कमी झालं असं काही नाही, पण जेवताना बोलते.

भावाला धागा वाचायला दिला. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकान साडेतीनला नोकरावर सोपवून घरी यायला लागला. दोघं चालतात, गडाच्या बाजूला नाही, कॉलनीतल्या कॉलनीत, देवळापर्यंत आणि परत. वहिनी म्हणते, आई रोज त्याला विचारते, "आज दुकानाला सुट्टी का रे?" आणि तो रोज हो म्हणतो. मी शनिवार-रविवारी जाते तेव्हा मीही असते. माझं स्वतःचं आठवड्यातून चार दिवस सुरू झालंय, टेकडीवाले काकांच्या वेळेला नाही, सव्वासातला.

एक अडचण. मागे पट्टा असलेली सगळी पादत्राणं आईला "शाळेत घालतात तसली" वाटतात आणि ती घालत नाही. साडीखाली चालेल, पाय घसरणार नाही आणि तिला शाळेचं वाटणार नाही असं काही कुणाला माहीत आहे का?


मंगळागौर मंडळ, ठाणे पश्चिम | रविवार, रात्री ८.२५

आहे. आम्ही अठरा जणी नाचताना तेच घालतो. वेलक्रो पट्टा, रंग चॉकलेटी, तळाला रबर. आईच्या पायाचं माप पाठव. पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखून घे, संध्याकाळी घे, सकाळी पाय लहान असतो.


टेकडीवाला | सोमवार, सकाळी ६.००

सव्वासात म्हणजे ऊन चढतं हो.